नोटा तपासायचा दिवा

कसबा बावड्यात हंगाम सुरू झाला
की वासाचं कुणी मनावर घेत नाही.
कारखान्याच्या मळीचा वास वाळत घातलेल्या कपड्यांतनं घरात येतो
आणि आपल्या आधी पाटावर बसतो.
तरी हा वेगळा होता.
वैजयंता म्हणाली, "काकवीनं पुन्हा केलंय."

काकवी आमची कुत्री. तेराव्या वर्षात.
रंगानं तशीच, आणि हल्ली चालीनंही:
भांडं कलंडलं तरी ओघळायला वेळ लावणारी.

फिनेल झालं. डांबराच्या गोळ्या झाल्या.
खालच्या चौगुल्यांनी ऊद जाळायला सांगितला, तोही झाला,
तीन दिवस घर म्हणजे उरसातली मुतारी.
शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
फिनेल बंद, त्या वासानं ती तिथंच परत जाते.
गरम पाणी बंद, त्यानं मुरतं.
घासायचं नाही, टिपायचं;
जुनं धोतर चौपदरी ठेवा आणि वर उभे राहा.
मग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी,
वाळलं की खायचा सोडा, रात्रभर.
आणि आधी डाग शोधा. दिसतो त्याच्या दुप्पट असतो.

म्हणून गुजरीतल्या भाच्याकडनं आणला
नोटा तपासायचा निळा दिवा.

रात्री घरातले सगळे दिवे घालवले.
फरशीवर एकेक उजळत गेला,
फिका, पिवळट, कडा जरा गडद.
पहिला मागच्या दाराच्या उंबऱ्याशी,
पुढचा मोरीजवळ,
मग कपाटापाशी, मग शिलाई मशीनच्या पायाखाली,
प्रत्येक दारापासून थोडा लांब,
तिच्या गोणपाटाला थोडा जवळ.
म्हणजे दर वेळी ती निघाली होती.
वैजयंता काही बोलली नाही,
गेल्या आठवड्यात तिला मारलेली चप्पल
पायानंच कॉटखाली सारली.

मग दिवा सरकला अण्णांच्या खोलीत.
गादीच्या कडेला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर एक मोठा,
आणि तिथनं खाली ओघळ, ओळंब्यासारखा सरळ.
काकवी खाली बसून करते.
काकवीला कॉटवर चढून दोन वर्षं झाली.

अण्णा जागे होते.
चाळीस हंगाम गुऱ्हाळावर गुळव्या.
काहिलीकडं पाठ करून, तंबाखू मळत,
नुसत्या वासावर म्हणायचे, "उतरा."
नाक मला त्यांचंच आलंय.
मार्केट यार्डात सौद्याला खडा नाकाशी धरला
की मी सांगतो, रस भेंडीनं निवळलाय का पावडरीनं.
तेव्हा दिवा कशाला लागत होता, खरं तर.
त्या खोलीतला वास
दोघांनाही दसऱ्यापासून ओळखीचा होता.

निळ्या उजेडात त्यांचा सदरा भलताच पांढरा.
"तिचंच असंल," ते म्हणाले. "म्हातारी झाली न्हवं."
"व्हय," मी म्हटलं. "तिचंच."
कॉटखाली काकवीनं शेपटी आपटली,
दोनदा,
हजेरी लागल्यासारखी.

टिपलं. धोतर त्यांचंच होतं, निपाणीच्या लग्नातलं.
चौपदरी करून ओल्या फरशीवर ठेवलं
आणि वर उभा राहिलो,
बाई म्हणाल्या होत्या तसा, सगळं वजन देऊन.
ते भिंतीकडं बघत होते.
सोडा पसरताना आवाज होत नाही, तेवढं बरं.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरनं रबरी कापड आणलं,
दवाखान्यात असतं तसलं, तपकिरी.
"गादीवर घालतो," म्हटलं. "काकवी वर चढतीया हल्ली."
अण्णांनी बराच वेळ कापडाचा वास घेतला.
मग एका कुशीला सरकून
कॉटवर हातानं जागा थोपटली.
"ये गं," ते म्हणाले. "ये वर."

तिनं पुढचे दोन पाय कडेला टेकवले,
आणि तशीच राहिली, माझ्याकडं बघत.
मी तिला मागनं उचललं.